बाराव्या खोपीतला दिवा

मी मुळात भित्रा माणूस. सुताराला उंचीची भीती असून चालत नाही, आणि ती मला नाही. पण शिक्क्याच्या कागदाची, खुर्चीत बसलेल्या माणसाची आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची भीती लहानपणापासून माझ्या हाडात आहे. बायको म्हणते, तुम्ही सावलीत बसतानासुद्धा झाडाची परवानगी काढाल. तिला वाटतं ती चेष्टा करते. आमच्या सिंधुदुर्गात झाडाची परवानगी काढणारे पुष्कळ आहेत, त्यातलाच मी एक.

ओमानात मी तेरा वर्षं काढली. तिथे सगळ्यात जास्त घाबरलो तो एका दुपारी, आणि त्या वेळी मी एसीत बसून एका परक्या शब्दाचा अर्थ ऐकत होतो.

दोन हजार दहानंतरची ती वर्षं. मस्कतला वादी अदाईत आम्ही चौघे एका खोलीत राहायचो. त्या उन्हाळ्यात कंपनीने मला इब्रीच्या पुढे, वाळवंटाच्या तोंडाशी एका साइटवर फोरमन म्हणून पाठवलं. पर्यटकांसाठी बारा खोपी बांधायच्या होत्या. लाकडाचे खांब, खजुरीच्या झावळ्यांच्या भिंती, छप्परही झावळ्यांचंच. थंडीत गोरे लोक येऊन त्यात झोपणार, म्हणून आम्ही त्या भर उन्हाळ्यात बांधत होतो. नकाशे स्पेनच्या एका म्हाताऱ्याने काढले होते. तो खरं तर आर्किटेक्ट, पण तिकडे चष्मा लावून कागद उलगडणारा प्रत्येक जण इंजिनियर. नकाशात प्रत्येक खोपीवर त्याने एकच शब्द लिहिला होता, बर्राका. बर्राका एक, बर्राका दोन, असं बारापर्यंत.

मी तो शब्द वाचला आणि नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला. कारण ओमानातली माझी पहिली तीन वर्षं बराकीत गेली होती. पत्र्याच्या लांबच लांब खोल्या, एकावर एक खाटा, दाराशी चपलांचा ढीग. आम्ही सगळे त्याला बराकच म्हणायचो, आणि तुरुंगातल्या खोल्यांनाही हेच नाव आहे हे कोणी तोंडाने बोलायचं नाही. म्हटलं, तिथून सुटलो आणि आता तेच बांधायला आलो की काय.

झावळ्या बांधायचं काम चाचाकडे होतं. चाचा रत्नागिरीकडचा, दर्यावर्दी मुसलमान घरातला. ओमानात येऊन त्याला तीस वर्षं झाली होती. दोरीने झावळ्या आवळून भिंत उभी करायची कला तो इथल्याच म्हाताऱ्यांकडून शिकला होता, आणि आता इथल्या तरुणांना ती येत नव्हती म्हणून त्याला शोधून आणत. मला तो मेस्त्री म्हणायचा. या साइटचं काम संपलं की तो कायमचा घरी जाणार होता. गावी मुलीचं लग्न ठरलं होतं. ती जन्मली तेव्हा हा इथे, शाळेत गेली तेव्हा हा इथे. लग्नाला मात्र मी मांडवात उभा राहणार, असं तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. त्याचा डावा कान पार गेलेला होता. झोपताना तो मुद्दाम उजवा कान उशीवर दाबायचा. म्हणायचा, आता जग बंद.

उन्हाळ्यात तिकडे दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. बाकीची माणसं कंटेनरच्या एसीत जाऊन पडायची. चाचाला एसीने सांधे धरायचे. तो चटई काखेत मारून नवीन तयार झालेल्या खोपीत जायचा. पहिली झाली तेव्हा पहिलीत झोपला, दुसरी झाली तेव्हा दुसरीत. ताज्या बांधलेल्या झावळीतून वारा गार लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. मला काही तो गार लागला नाही, पण मी त्याच्याशी कधी वाद घातला नाही.

कामाच्या दुसऱ्याच दिवशी एक प्रकार घडला. वेल्डिंगची ठिणगी उडून कापलेल्या झावळ्यांच्या ढिगात पडली. आमच्या कोकणात नारळाच्या झापांना आग लागली तर आधी धूर येतो, मग आणखी धूर येतो, तोवर माणूस विहिरीवर जाऊन कळशी भरून आणतो. इथे तसं नव्हतं. त्या उन्हात वाळलेली खजुरीची झावळ पेटली की पेटलीच. मी बादली उचलेपर्यंत ढीग गेला होता आणि वाळूवर काळा डाग उरला होता. मालक, ज्याला सगळे अर्बाब म्हणायचे, तो तिथेच उभा होता. त्याने आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "सिगरेट नहीं, चूल्हा नहीं, माचिस नहीं. जो आग जलाएगा, खलास, अगले प्लेन से घर." मी सगळ्यांत जोरात मान हलवली. त्या दिवसापासून माणसांचे खिसे मीच तपासू लागलो.

आता माझ्या खिशात काय होतं ते सांगतो.

आमच्याकडे खांब उभा करण्याआधी जाग्याला गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक जाग्याला राखणदार असतो. त्याच्या जमिनीत खड्डा खणतो आहोत, तर त्याला दिवा दाखवायचा, नारळ ठेवायचा, आणि चूकभूल माफ कर म्हणून सांगायचं. माझे वडील गोठ्याचा खुंट ठोकतानासुद्धा गाऱ्हाणं घालायचे. इब्रीच्या साइटवर मी ते घातलं नव्हतं. परमुलखात, उघड्यावर, असलं काही करताना कोणी पाहिलं तर काय होईल याचीच भीती. मग अकराव्या खोपीचा मधला खांब दोर तुटून पडला. चाचाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. चाचा हसला आणि अल्लाचं नाव घेऊन पुन्हा कामाला लागला. मला मात्र त्यानंतर दोन दिवस जेवण गेलं नाही. मला ठाऊक होतं तो खांब का पडला.

म्हणून बारावी खोप सकाळी पुरी झाली तेव्हा मी ठरवलं. इब्रीच्या बाजारातल्या केरळी दुकानातून नारळ आणि खोबरेल तेल आणून ठेवलं होतं. दुपारची सुट्टी झाली, माणसं कंटेनरकडे गेली, चाचा नमाजाला गेला, आणि मी बाराव्या खोपीत शिरलो. दिवा खरं तर बाहेर उघड्या वाळूत लावायचा. पण बाहेर कोणाच्याही नजरेला पडला असता. म्हणून मी आत, मागच्या भिंतीशी, खांबाच्या आडोशाला वाळूत खळगा केला आणि त्यात स्टीलची वाटी बसवली. तेल ओतलं, कापसाची वात केली. नारळ फोडला तर आवाज होईल म्हणून तो तसाच समोर ठेवला. माणसांकडून जप्त केलेली एक काड्यापेटी माझ्याच खिशात होती; तीन काड्या वाया गेल्या, चौथी पेटली.

"बा महाराजा," मी हळूच म्हणालो, "तुझ्या जाग्यार खोप बांधली हा. न इचारता बांधली, चूक झाली. पदरात घे. आणि हय निजतल्या माणसाची राखण कर."

इथे झोपणाऱ्याची राखण कर, हे शब्द माझ्या तोंडून गेले होते, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

माझा विचार होता दिवा शांत होईपर्यंत तिथेच बसायचं. जाग्याला दाखवलेला दिवा हाताने विझवायचा नसतो. फुंकर मारायची तर गोष्टच नको. तेल संपलं की तो आपला आपण शांत होतो, तेव्हाच उठायचं. तासाभराचं काम होतं. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती आणि खिशातला मोबाइल वाजला. अर्बाब होता. "यल्ला मेस्त्री, ऑफिस आओ. इंजिनियर आया है."

मी दिव्याकडे बघितलं. विझवावा तर राखणदाराचा अपमान, आणि तोही त्याला सांभाळ म्हणून सांगितल्यावर लगेच. बाहेर न्यावा तर सगळ्यांना दिसणार. मी खळगा आणखी दोन बोटं खोल केला, मागे एक फरशीचा तुकडा उभा केला, आणि निघालो. एक गोष्ट तुम्हाला सांगतो, आणि ती सांगताना मला लाज वाटते. मी आग लावून आलो आहे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दहा माणसांचे खिसे तपासून काड्यापेट्या जप्त करणारा मी. पण दिवा म्हणजे आग, असं आमच्या घरात कोणी कधी धरलेलंच नाही. दिवा म्हणजे दिवा.

ऑफिसच्या कंटेनरमध्ये एसी सोळावर होता. अर्बाब जमिनीवर गालिचा टाकून बसला होता, समोर खजूर आणि कहव्याचं, म्हणजे अरबी कॉफीचं, भांडं. म्हातारा स्पॅनिश इंजिनियर त्याच्या शेजारी, गुडघे दुखत असूनही मांडी घालून. मला बसवलं. अर्बाबने स्वतःच्या हाताने मला कहवा ओतून दिला. तिकडची रीत अशी की छोटा कप रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो, आणि पुरे असेल तर आपण कप जरासा हलवायचा. हलवला नाही तर तो भरतच राहतो.

म्हाताऱ्याला खोपी फार आवडल्या होत्या. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं जमायचं. मी धीर करून विचारलं, साहेब, तुम्ही याला बराक का म्हणता, बराक तर वाईट जागा. तो हसला आणि सांगू लागला. त्याच्या गावाकडे, समुद्राजवळच्या भातखाचरांत, शेतकरी आणि मासे पकडणारे लोक मातीच्या भिंतींची आणि गवताच्या उतरत्या छपराची घरं बांधायचे. ती बर्राका. त्याची आजी तशाच घरात जन्मली. मग सैन्याबरोबर हा शब्द हिंडला. शिपाई मुक्कामाला जे काही उभारायचे तेही बर्राका झालं, आणि तिथून फ्रेंचांकडे, इंग्रजांकडे, आणि इंग्रजांबरोबर आमच्याकडे बराक होऊन आला. त्याच्याच देशात मोठ्या शहरांच्या कडेला गावाकडून आलेल्या गरिबांनी पत्र्याफळ्यांच्या झोपड्या घातल्या, त्यांनाही बर्राका म्हणत, आणि तिथे राहणाऱ्या पोरांना शाळेत तोच शब्द शिवीसारखा ऐकवत. शेजारच्या पोर्तुगालात मात्र समुद्रावर उन्हासाठी लावलेल्या तंबूला बर्राका म्हणतात.

"मूळ शब्द कुठला?" मी विचारलं.

तो म्हणाला, कोणी सांगतं चिखल या अर्थाचा एक शब्द आहे त्यावरून, कोणी सांगतं रोमन लोकांच्याही आधीच्या कुठल्या तरी भाषेतला. नक्की कोणालाच माहीत नाही. ज्यांच्याजवळ लिहायला कागद नव्हता त्यांचा तो शब्द.

अर्बाबने मला दुसरा कप भरला. तो म्हणाला, आम्ही याला अरीश म्हणतो; त्याच्या लहानपणी उन्हाळा लागला की सगळं घर खजुरीच्या बागेत अरीशमध्ये जाऊन राहायचं, आणि तशी झोप पुन्हा कधी लागली नाही. मीही आमची खोप सांगितली, शेतातला मांगर सांगितला. तीन मुलखांची तीन माणसं झोपडीबद्दल बोलत होती आणि मला चक्क बरं वाटत होतं. खुर्चीतली माणसं जमिनीवर बसलेली होती म्हणूनही असेल.

"मग आता तुमच्या गावात आहेत का त्या?" मी विचारलं.

"नाहीत," म्हातारा म्हणाला. "जळल्या. एक पेटली की वाऱ्याने शेजारची पेटायची. शेवटी सरकारने गवताचं छप्पर घालायलाच बंदी केली." मग खिडकीतून रांगेकडे बघत तो म्हणाला, "तो म्हातारा कुठे आहे, दोरी बांधणारा? त्याच्या हाताला हात लावायचा आहे मला."

"सोया होगा," अर्बाब म्हणाला.

सोया होगा. पहिली झाली तेव्हा पहिलीत. अकरावी झाली तेव्हा अकरावीत. बारावी आज सकाळी झाली.

माझ्या कानात एकदम शिट्टी वाजायला लागली. चाचा आत गेला असणार, उजेडातून आल्यावर त्याला खांबामागचं काही दिसलं नसणार, त्याने चटई टाकली असणार आणि चांगला कान उशीवर दाबला असणार. दार एकच होतं. मला उठायचं होतं. पण उठून सांगू काय? आग लावून आलो म्हणून? पुढच्या विमानाने घर. घरी कर्जाचं छप्पर, मुलीचं कॉलेज. मी स्वतःची समजूत घालू लागलो. वाटी खोल आहे. फरशी आहे. वारा नाही. पाच मिनिटांत हे लोक मला सोडतील, मग जाईन. दरम्यान माझा कप रिकामा झाला होता. मी तो हलवला नाही. हलवला असता तर उठावं लागलं असतं, आणि उठल्यावर कुठे निघालास असं कोणी विचारलं असतं. अर्बाबने तिसरा भरला. मी तो प्यालो. त्या वेळी मला तहान नव्हती, भूक नव्हती, मला फक्त भीती होती, आणि त्यातली चाचाबद्दलची किती आणि माझ्या स्वतःबद्दलची किती याचा हिशेब मी आजवर कोणाला दिलेला नाही.

मग खिडकीबाहेरून एक प्लॅस्टिकची पिशवी वाळूवरून घरंगळत गेली. वारा सुटला होता.

मी कप खाली टाकला आणि धावलो. मागून अर्बाब "मेस्त्री, मेस्त्री" म्हणत होता. एक चप्पल पायरीवरच राहिली. त्या वाळूवर अनवाणी पाय टेकवत नाही, पण मला काही कळलं नाही. खोप उभी होती. धूर दिसत नव्हता, पण धूर दिसायला वेळच मिळत नाही हे मी कामाच्या दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं. "चाचा," मी ओरडलो. आत शिरलो. चटई पसरलेली. उशीवर डोक्याचा खळगा. चाचा नाही, वाटी नाही. आणि खांबामागे भिंतीच्या पाच-सहा झावळ्या हातभर उंचीपर्यंत काळ्या झालेल्या. त्यांच्यावर ओली वाळू थापलेली होती, आणि शेजारी पाण्याची रिकामी बाटली.

मी बाहेर येऊन मागच्या बाजूला गेलो. तिथे वाळूचा ढिगारा होता. त्याच्या आड, भर उन्हात, चाचा वाऱ्याकडे पाठ करून बसला होता. डोक्याचा रुमाल सोडून त्याने दोन गुडघ्यांवर आडवा ताणून धरला होता. त्याच्या आत वाटी होती, आणि वाटीत दिवा जळत होता. शेजारी माझा नारळ.

मी वाळूत बसलो आणि रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही.

"रडतंस कशाला मेस्त्री," चाचा म्हणाला. "वासाने जाग आली. नाकाला काय झालंय माझ्या, कानच गेलाय."

"विझवायचा होता ना, चाचा."

"तुमच्यात इजवत नाय ना," तो म्हणाला. "आमच्या शेजारची काकी पण नाय इजवायची. म्हटलं, मेस्त्रीने कायतरी मागितलं असंल, आपण कशाला मोडा."

रुमाल धरलेल्या त्याच्या उजव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. चार बोटांवर टरटरून फोड आले होते. पेटलेली झावळ त्याने हातानेच दाबली होती. मी तो हात धरायला गेलो तर त्याने मागे घेतला. रुमाल सैल झाला असता. ज्या बोटांनी तो गाठ मारायचा ती बोटं. कुंपणाचं उरलेलं काम पुढचे पाच आठवडे त्याने डाव्या हाताने केलं आणि अर्बाबला सांगितलं की चहाचं गरम भांडं लागलं. मी माझ्या पळण्याचं कारण पोट बिघडलं असं दिलं होतं, तर अर्बाबने संध्याकाळी माझ्यासाठी ताक पाठवलं. काळ्या झावळ्या आम्ही दोघांनी कोणाला न दाखवता बदलल्या. चाचा ठरलेल्या दिवशी घरी गेला आणि मांडवात उभा राहिला. त्याच हाताला मेंदी लावून घेतली म्हणे, डाग झाकायला.

पण त्या दुपारी मी त्याच्या समोर, दिव्याच्या पलीकडे बसलो, म्हणजे दिव्याला दोन्हीकडून आडोसा झाला. तेल अजून बोटभर होतं. चाचाचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"साहेबाने कशाला बोलावलेला?" त्याने विचारलं.

"काही नाही. या खोपीला त्याच्या मुलखात काय म्हणतात ते सांगत होता."

"काय म्हणतात?"

"बर्राका."

चाचाने तो शब्द एकदा तोंडात घोळवला. मग माझ्याकडे बघून साध्या आवाजात म्हणाला, "येवढंच? मग येवढा येळ?"

मी म्हणालो, "कहवा होता."

"किती प्यालास?"

"एक," मी म्हणालो.